मामंजी फक्त पहिली ओळ वाचतात

अहमदपूर, जि. लातूर
२२ ऑगस्ट १९८२

प्रिय चांगुणा,

वरचा पत्ता नीट वाच. गाव तेच, गल्ली तीच, घरासमोरचा हापसाही तोच, पण जिल्हा नवा आहे. गेल्या आठवड्यापर्यंत आम्ही उस्मानाबादचे होतो, आता लातूरचे झालो. बाजारात पेढे वाटले. पावसाचा पत्ता नाही, पण पेढे आले. सासूबाईंनी पेढा तोंडात टाकला आणि वाटणाऱ्याला विचारलं, "जिल्हा आला ते बरं झालं, त्याच्यासंगं पाणी बी येऊन राहिलं का?" त्याने त्यांच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला.

आता खरी गोष्ट. नवा जिल्हा म्हणजे नवी जिल्हा परिषद, आणि तिथे पुढच्या वर्षी शिक्षकांच्या जागा भरणार असं जो तो म्हणतोय. चांगुणा, मला ती नोकरी हवी आहे. नांदेडच्या वसतिगृहात लाइट गेली की आपण दोघी एका कंदिलाशी डोकं लावून घोकत होतो, ते डी.एड.चं सर्टिफिकेट काय शालूच्या घडीत ठेवण्यासाठी होतं? लग्न झाल्यापासून ते तिथेच आहे. डांबराच्या गोळ्यांचा वास लागलाय त्याला.

अडचण एकच, मामंजी. माझे सासरे मलप्पा तुला लग्नात दिसले होते, फेटा बांधून वाढप्यांवर देखरेख करत होते ते. ते तहसील कचेरीत पेशकार होते, म्हणजे साहेबापुढे कागद ठेवणारे. निजामाच्या काळात नोकरीला लागले, रिटायर झाले आणि येताना कचेरी घरी घेऊन आले. आमच्या घरात काहीही हवं असेल तर लेखी अर्ज द्यावा लागतो. सोमवारी शिवपूजा झाली की ते ओसरीवर बसतात, लाल पेन्सिल घेतात आणि अर्ज बघतात. बघतात म्हणजे फक्त पहिली ओळ वाचतात. "साहेब लोकाला दुसऱ्या ओळीची फुरसत नसती, मुद्दा पहिल्या ओळीतच पायजे," हे त्यांचं म्हणणं. मग शेरा पडतो. मंजूर, नामंजूर किंवा दाखल. दाखल झालेला अर्ज पत्र्याच्या पेटीत जातो आणि पुन्हा उजेड बघत नाही.

आमच्या ह्यांनी (बसवंत हे नाव मी फक्त तुलाच लिहिते) रेडिओसाठी अर्ज केला होता. सुरुवात होती, 'आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे.' शेरा पडला: मान्य, दाखल. रेडिओ अजून आलेला नाही.

गेल्या सोमवारी मीही अर्ज दिला. चांगला चार पानी. पहिलं वाक्य होतं, 'स्त्रीशिक्षणाचे महत्त्व अनन्यसाधारण आहे.' मामंजींनी वाचलं, मान डोलावली, "लई बरोबर हाय" म्हणाले आणि लिहिलं: मान्य, दाखल. उरलेली पानं त्यांनी उलटलीसुद्धा नाहीत.

तू पुढे शिकलीस आणि आता अर्धापूरच्या शाळेत नववीला निबंध शिकवतेस. मला पहिली ओळ लिहायला शिकव. भरतीची जाहिरात निघेपर्यंत मंजुरी मिळाली नाही तर मी जन्मभर गव्हाला बोरिक पावडर लावत बसेन.

शरणार्थ.
तुझी दानम्मा


अर्धापूर, जि. नांदेड
३० ऑगस्ट १९८२

दाने,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती एवढी हसली की तिला ठसका लागला. तुझ्या मामंजींना माझा दंडवत सांग. माझ्या शाळेत असा एक परीक्षक असता तर अर्धे निबंध लिहायचे वाचले असते.

आता नीट ऐक. ज्या वाक्यावर सगळा निबंध उभा राहतो त्याला पुस्तकात मुख्य विधान म्हणतात. मी वर्गात सरळ दावा म्हणते, पोरांना ते लवकर कळतं. दाव्याची परीक्षा सोपी आहे. वाक्य मोठ्याने वाचायचं आणि समोरचा 'कशावरून?' किंवा 'मुळीच नाही' असं म्हणतोय का बघायचं. तो मान डोलवायला लागला की समजायचं, वाक्य वाया गेलं. स्त्रीशिक्षणाचं महत्त्व मामंजींनी मान्य केलं, ह्यात तुझा पराभव आहे बाई. ज्याला कुणी ना म्हणू शकत नाही त्याला हो म्हणून तरी काय उपयोग?

परवा नववीला विषय दिला, 'आमचे गाव'. वर्गातल्या सगळ्यांनी लिहिलं, 'केळी हे पौष्टिक फळ आहे.' एकट्या नरसिंगने लिहिलं, 'दुष्काळात अर्धापूरने केळीला पाणी देणे बंद केले पाहिजे.' अर्धापुरात, दाने. ज्याच्या बापाची स्वतःची केळीची बाग आहे त्या पोराने. दुसऱ्या दिवशी पाच-सहा बागाईतदार शाळेत हजर. आमचे हेडमास्तर शेषेराव सर घाम पुसत म्हणाले, "बाई, असं का शिकवून राहिल्या?" मी म्हटलं, सर, एवढी माणसं निबंधासाठी शाळेत कधी आली होती? नरसिंगला मी सगळ्यात जास्त मार्क दिले.

तेव्हा घाबरू नकोस. दावा असा ठोक की ओसरी हादरली पाहिजे. मला वाटतं, लिही: 'मला नोकरी करू न देणे हा माझ्यावर अन्याय आहे.' बघू दे आता कशी मान डोलवतात.

जय भीम.
चांगुणा


अहमदपूर
१४ सप्टेंबर १९८२

चांगुणे,

ओसरी हादरली. अजून हादरते आहे.

मी तुझं वाक्य लिहिलं. मामंजींनी वाचलं, पेन्सिल खाली ठेवली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "अन्याय? माझ्या घरात? चौकशी हुईल." कागदावर शेरा: चौकशी नेमली. चौकशी अधिकारी कोण, तर तेच.

मग जे सुरू झालं ते तुला कसं सांगू. एकेकाला ओसरीवर बोलावून जबाब घेतले. आधी ह्यांना. "तू सूनबाईला नोकरी करू नको म्हणाला का?" ह्यांनी हात जोडून सांगितलं, "न्हाई बा, मी तर कशालाच न्हाई म्हनत न्हाई." मग सासूबाई (गुरम्मा त्यांचं नाव). त्या पीठ माखल्या हातांनीच आल्या आणि म्हणाल्या, "गुरम्माला विचारून राहिले व्हय? चाळीस वर्षांत मला कोन काय इचारलं का?" तो जबाब त्यांनी लिहून घेतला नाही. शेवटी ओसरीवरच्या आरशासमोर उभं राहून मामंजींनी स्वतःलाही विचारलं, असं ह्यांचं म्हणणं आहे. मी पाहिलं नाही, पण मला ते खरं वाटतं.

सोमवारी निकाल लागला. 'अर्जदारास नोकरीबाबत कोणीही कधीही ना म्हणाल्याचे आढळून आले नाही. सबब अन्याय सिद्ध होत नाही. दाखल.'

इतका संताप आला की मी भाकरीचं पीठ परातीत आपटलं. पण चांगुणा, झोपाळ्यावर बसून शांतपणे आठवून पाहिलं तर म्हातारा खोटं लिहीत नाही. मला खरंच कुणी ना म्हटलं नव्हतं. मीच आल्या दिवसापासून धरून चालले होते की म्हणतील.

आता काय करू?

शरणार्थ.
दानम्मा


अर्धापूर
२५ सप्टेंबर १९८२

दाने,

अगं, तू कधी मागितलंच नाहीस. ना म्हणायला त्यांना तू जागाच दिली नव्हतीस, आणि हो म्हणायलाही नाही. माझी चूक झाली ती अशी की मी तुला आरोप लिहायला लावला. आरोप केला की माणूस आधी स्वतःला वाचवतो. दाव्यात मागणं पाहिजे आणि त्याचं कारण पाहिजे, दोन्ही एका ओळीत.

पण आता मी तुला मोकळं सोडणार नाही. मी स्वतः बसून लिहिलं. तीन कागद फाडले, आईने चहा आणला तो निवला, शेवटी हे जमलं: 'दुष्काळाने होरपळलेल्या नवनिर्मित लातूर जिल्ह्याच्या उभारणीत सुशिक्षित सुनांनी शिक्षिका म्हणून उतरलेच पाहिजे, कारण जिल्हा सरकार स्थापन करते, पण घडवते ती शाळा.' आहे की नाही? शेषेराव सरांना दाखवलं तर ते म्हणाले, हे पंधरा ऑगस्टच्या भाषणात घेऊ. तू फक्त स्वच्छ अक्षरात उतरवून दे. पुढची पानंही मीच लिहून पाठवली आहेत, सोबत आहेत.

मंजूर झालं की तार कर. तारेचा खर्च मी देईन.

जय भीम.
चांगुणा


॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
अहमदपूर
११ ऑक्टोबर १९८२

चांगुणाबाई यांस मलप्पा यांचा नमस्कार.

पत्रास कारण की, आमच्या सूनबाईची दरखास्त पुन्हा पेश झाली. पहिली ओळ जोरदार आहे. तिला ना म्हणता येते आणि हो म्हणता येते. कचेरीच्या दस्तुराप्रमाणे मी तिच्यावर फैसला द्यायला पाहिजे होता.

परंतु मी हयातभर कागद पाहिले. कोणता कागद कचेरीबाहेरच्या मुनशीने पैसे घेऊन लिहून दिला आणि कोणता ज्याचे काम अडले त्याने स्वतः लिहिला, हे मला पहिल्या ओळीत कळते. आमच्या घरात 'नवनिर्मित' हा शब्द आजवर कोणी बोललेले नाही. सूनबाईकडे पाकिटे अर्धापूरहून येतात हे पोस्टमन गुंडप्पाने सांगितले.

तरी सदर ओळ तुमची का तिची, याचा खुलासा व्हावा. खोटे लिहू नये. खुलासा येईस्तोवर अर्ज थांबवला आहे.

आपला,
मलप्पा (रिटायर पेशकार)


अर्धापूर
१८ ऑक्टोबर १९८२

आदरणीय मलप्पाकाका,
स.न.वि.वि.

आपलं पत्र मिळालं. ओळ दानम्माची आहे असं लिहिलं असतं तर तिचं काम कदाचित आजच झालं असतं. आईला विचारलं. ती म्हणाली, "खोटं लिहायचं आसंल तर लिही, पन मला वाचून दाखवू नको." तेव्हा खरं लिहिते. ओळ माझी आहे. 'अन्याय' वालीही माझीच होती. स्त्रीशिक्षणाची तेवढी तिची.

पण काका, नोकरीची इच्छा मात्र संपूर्ण तिची आहे. वसतिगृहात ती शेंगदाणे मांडून आम्हाला भागाकार समजावायची आणि उत्तर बरोबर आलं की शेंगदाणे खायला द्यायची. मला भागाकार तेव्हा कळला. तिची स्वतःची ओळ अजून यायची आहे. ती आली की मुनशी कोण हे आपल्याला विचारावं लागणार नाही.

लहान तोंडी एक विचारते. चौकशीत आपल्याला आढळलं की तिला कोणी ना म्हणालं नाही. कोणी हो म्हणालं होतं का, हे आपण तपासलंत का?

आपली,
चांगुणा


अहमदपूर
८ नोव्हेंबर १९८२

चांगुणा,

तू खरं लिहिलंस. छान केलंस. अर्ज परत मिळाला. शेरा आहे, 'मुनशीची ओळ चालणार नाही.' सगळ्या घरासमोर वाचून दाखवला. आता तू तुझी नववी सांभाळ, मी माझं बघते.

दानम्मा


अर्धापूर
१० जानेवारी १९८३

दाने,

माझ्या कार्डांना उत्तर नाही, म्हणून संक्रांतीआधी दावा मांडते: तू माझ्यावर रुसून बसली आहेस ते चूक आहे. कारण सोबत पाठवलं आहे. अहमदपूरच्या एसटीचा कंडक्टर सटवाजी आमच्या गावचा आहे, तो स्टँडवर उतरवून देईल. नरसिंगच्या बापाच्या बागेतला घड आहे. पाणी बंद करायचा दावा त्यांनी फेटाळला, पण पोराचं नाव झालं म्हणून बाईला घड दिला.

एक फणी तरी सासूबाईंना दे. तिळगूळ घे आणि गोड लिही.

चांगुणा


अहमदपूर
१५ फेब्रुवारी १९८३

माझ्या लाडक्या चांगुणे,

केळी पोचली. घड बघून सासूबाई म्हणाल्या, "ही मैत्रीन सोडू नको." रुसवा तर घड उतरवतानाच गेला होता, पण लिहायला वेळ नव्हता आणि लिहिण्यासारखं एवढं साठलं आहे की एका पाकिटात मावणार नाही. जाहिरात निघाली, अर्जाची मुदत मार्चअखेर आहे. पण ते नंतर. आधी घागरींचं ऐक.

हापसा पौषातच आटला. आता टँकर येतो, कधी सकाळी, कधी भर दुपारी, कधी येतच नाही. म्हणून सगळी गल्ली पहाटेच घागरी रांगेत लावून ठेवते आणि घागरी राखायला पोरांना बसवते. पोरं शाळेत जात नाहीत, घागरी राखतात. आणि रोज भांडणं. सगळ्यांच्या घागरी सारख्याच दिसतात. "ही माझी हाय", "न्हाई, तुझी फुटकी हाय." एक दिवस शंकरप्पा तेल्याच्या सुनेने आमची घागर नेली आणि सासूबाईंनी तिची आणली, त्यावरून दोन घरं बोलेनाशी झाली.

मी घरातून खडू घेऊन गेले आणि पोरांना म्हटलं, आपापल्या घागरीवर नाव लिहा. लिहिता कुणाला येत होतं? मग मीच एकेकाचा हात धरून लिहून घेतलं. टँकरला उशीर झाला की पोरं शेजारच्या घागरीवर काय लिहिलंय ते विचारायची. मग पलीकडच्या. चांगुणा, आता ती पोरं रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचत जातात. पाणी भरताना नावं पुसतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहितात. अख्खी गल्ली त्यांची अंकलिपी झाली आहे आणि भांडणं बंद झाली आहेत.

मामंजी रांगेत कधी येत नाहीत. गेल्या शनिवारी टँकरवाल्याची तक्रार लिहून घ्यायला आले आणि आमच्या घागरीपाशी थांबले. तिच्यावर खडूने लिहिलं होतं, 'मलप्पा'. त्यांनी विचारलं, "हे कोन लिहिलं?" सात-आठ वर्षांची एक पोर पुढे आली. "मी. बाईनं शिकवलं." "कोन बाई?" तिने माझ्याकडे बोट केलं.  मामंजींनी घागर जरा फिरवली, नाव लोकांना नीट दिसावं म्हणून.

मी घरी आले, चुलीपुढे बसले आणि एका दमात लिहिलं. तुझी आठवणही काढली नाही, खोटं कशाला सांगू. 'गल्लीतली पोरं शाळेत वाचायला शिकली नाहीत, पण पाण्याच्या रांगेत माझ्याजवळ शिकली, म्हणून नव्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी बाई झालंच पाहिजे, आणि तुम्ही हो म्हणावं.'

सोमवारी मामंजींनी पहिली ओळ वाचली. मग दुसरी वाचली. मग पान उलटलं. आमचे हे दारात उभे होते, त्यांच्या हातातलं तांब्याचं भांडं पडलं, कारण मामंजींनी पान उलटलेलं ह्या घरात कुणी पाहिलं नव्हतं.

शेरा पडला: नामंजूर.

मी स्वयंपाकघरात जाऊन गिरकी घेतली. सासूबाई बघतच राहिल्या. "आगं, नामंजूर झालं आन् नाचून राहिली? डोक्यावर परिनाम झाला का?" त्यांना कसं सांगू, पहिल्यांदा मला कुणी ना म्हणालं होतं. मी खरंच काहीतरी मागितलं होतं.

खाली लाल पेन्सिलीने हरकती लिहिल्या आहेत. नेमणूक किल्लारीच्या बाजूला झाली तर इथल्या रांगेतल्या पोरांचा काय फायदा, मग दावा टिकतो कुठे? आणि तू सकाळच्या एसटीने गेलीस तर घरचं पाणी कोण भरणार? हरकतींना जबाब आल्यास फेरविचार होईल, असंही लिहिलं आहे.

पटकन उत्तर दे. ओळ लिहून पाठवू नकोस, फक्त सांग.

शरणार्थ, शरणार्थ, शरणार्थ.
तुझी दानम्मा


अर्धापूर
२१ फेब्रुवारी १९८३

दाने,

तुझं पत्र मी नववीच्या वर्गात वाचून दाखवलं. 'नामंजूर' आलं तेव्हा पोरांनी बाकं बडवली. शेषेराव सर धावत आले, मी त्यांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, उद्यापासून आपल्या हौदावरही खडू ठेवू.

ओळ पाठवत नाही. एवढंच सांगते. किल्लारीची हरकत खरी आहे. खऱ्या हरकतीशी हुज्जत घालायची नसते. ती कबूल करायची आणि मग दावाच एवढा मोठा करायचा की हरकत त्याच्या पोटात मावली पाहिजे. तू अहमदपूरची पोरं म्हणालीस, म्हणून ती तिथे अडकली. रांग काय फक्त तुमच्या गल्लीत आहे?

आणि पाणी कोण भरणार ह्याचं उत्तर तुझ्या घरात दोन पायांवर चालतंय. नाव लिहायला लाजू नकोस.

जय भीम.
चांगुणा


अहमदपूर
१५ मार्च १९८३

चांगुणे,

मंजूर.

थांब, सगळं सांगते. मी लिहिलं, 'पाण्याची रांग जिल्ह्यातल्या प्रत्येक गावात आहे आणि प्रत्येक रांगेत पोरं आहेत, म्हणून मला किल्लारीला नेमोत की कुठेही, मी रांगेपासून शाळा सुरू करीन. आणि घरचं पाणी बसवंत भरतील.' चांगुणा, मी लिहिलं. नवऱ्याचं नाव, अर्जात, शाईने.

मामंजींनी ते मोठ्याने वाचलं.  मग सासूबाई आतून एवढ्या जोरात हसल्या की शेजारीण बघायला आली. ह्यांचा चेहरा लाल. त्याच दिवशी त्यांनी हरकतीचा अर्ज दिला, 'मानवी शरीराला विश्रांतीची नितांत गरज असते.' मामंजी म्हणाले, "बसवंता, लई बरोबर हाय." मान्य, दाखल.

माझ्या अर्जावर त्यांनी मंजूर लिहिलं आणि पेन्सिल कानाला लावली. मला वाटलं संपलं. पण ते म्हणाले, "सूनबाई, तुझी मैत्रीन मला इचारली व्हती, कोन हो म्हनलं व्हतं का. त्याचा जबाब मी तिला दिलो न्हाई. तूच लिहून टाक. कोनीच न्हाई म्हनलं. मी बी न्हाई." एवढं बोलून ते उठले आणि उगाचच हापशाकडे बघत उभे राहिले. मला रडू आलं. जिल्हा परिषदेचा अर्ज घेऊन लातूरला ते स्वतः गेले, पहिल्या एसटीने. मीही नेला असता, पण कागद पेश करायचा हक्क पेशकाराचा, असं त्यांचं म्हणणं.

आमचे हे सकाळी पाणी भरतात. पोरं त्यांना रांगेत घागरींवरची नावं वाचून दाखवायला लावतात.

शरणार्थ.
दानम्मा


अहमदपूर
१० जुलै १९८३

प्रिय चांगुणा,

यादीत नाव आलं. नेमणूक उदगीरच्या वाटेवर एका वाडीत मिळाली. एसटीने जायचं आणि पुढे पायी. यंदा पाणी बरं आहे, टँकर बंद झाला, म्हणून रांगेपासून शाळा सुरू करायला रांगच सापडली नाही. मी पोरांना घरून घागरी आणायला सांगितल्या. पहिल्या दिवशी वर्गात पोरांपेक्षा घागरी जास्त होत्या. शालूच्या घडीतलं सर्टिफिकेट जिल्हा परिषदेत दाखवलं तेव्हा तिथले साहेब म्हणाले, बाई, ह्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो.

पण हे पत्र दुसऱ्याच गोष्टीसाठी आहे. गेल्या सोमवारी मी शाळेतून आले तर माझ्या पाटावर एक कागद होता. वर माझं नाव. अर्जदार: मलप्पा. पहिली ओळ होती, 'रिकामपणाचे तोटे अनेक आहेत.'

मी लाल पेन्सिल मागून घेतली. सगळं घर जमलं होतं. मी वाचलं, मान डोलावली, म्हटलं, "मामंजी, लई बरोबर हाय." आणि लिहिलं: मान्य, दाखल.

सासूबाई पदर तोंडात धरून आत पळाल्या. मामंजी कागद उचलून ओसरीवर गेले. तीन कागद फाडल्याचा आवाज आला. जेवायची वेळ झाली तरी उठले नाहीत. आठवडाभर विचार करून शेवटी आज नवा कागद आणून ठेवला. लिहिलं होतं, 'सूनबाईच्या शाळेत दर शनिवारी पोरांना अर्ज लिहायला मी शिकवणार, कारण पहिली ओळ तिच्यापेक्षा मला चांगली लिहिता येते.'

चांगुणा, ह्याला मला ना म्हणता येतं. साफ खोटा दावा आहे, आणि किती चांगला आहे. शनिवारी वाडीतली पोरं ओसरीवरच्या त्या चष्म्यासमोर बसलेली मला आत्ताच दिसायला लागली आहेत.

पेन्सिल अजून माझ्या हातात आहे. ते दारात उभे आहेत, निकालाची वाट बघत नसल्यासारखं दाखवतात. मी शेरा लिहिला आहे, पण कागद उपडा ठेवलाय. येत्या सोमवारी वाचून दाखवीन.

शरणार्थ.
तुझी दानम्माबाई